नितळ तळं, दाट पाणगवत आणि काठावर झाडी: तिथला बास कसा गरवायचा

तुम्ही वर्णन केलेलं तळं असं: दीडेक एकराचं, पाणी इतकं नितळ की तळाला पडलेली काटकी दिसते. उन्हाळ्यात पाणगवत पार वरपर्यंत येतं. चहूबाजूंनी झाडं, फांद्या पाण्यावर ओणवलेल्या, गरवायचा रॉड (काठी) मागे न्यायला जागा नाही. बास (गोड्या पाण्यातले शिकारी मासे) दिसतात, लूरच्या (नकली आमिषाच्या) मागे काठापर्यंत येतात आणि तुमच्या पायाशी आले की वळून निघून जातात. शिवाय दर फेकीला गळावर गवताचा पुंजका. लूर बदलू की दोरी, असं तुम्ही विचारलंय. आणि मालक गवत काढून द्यायला तयार आहे, तर काढून घेऊ का, असंही.

सरळ उत्तर द्यायचं तर लूर बदला, दोरीही बदला आणि गवत सगळं काढू नका. पण या सगळ्याच्या आधी तुमची उभं राहायची जागा बदला. पायाशी आलेला बास वळतो, कारण तोवर त्याला तुम्ही दिसलेले असता. गढूळ तळ्यात काठावर उभं राहून, हातवारे करत गरवलं तरी खपून जातं. नितळ पाण्यात मासा एकदा तुम्हाला बघून बिथरला की त्या जागेवर तास-दोन तास लूर बदलत बसण्यात काही अर्थ नसतो.

माशाला पाण्याबाहेरचं जग कसं दिसतं ते आधी समजून घ्या, बाकीचं त्यातूनच निघतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो. त्यामुळे बाहेरचं सगळं दृश्य, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत, साधारण ९७ अंशांच्या शंकूत आवळलं जातं. मासा एक मीटर खोल असेल तर त्याच्या डोक्यावर जवळजवळ सव्वादोन मीटर व्यासाची गोल खिडकी असते आणि बाहेरचं सगळं तो त्या खिडकीतून बघतो. खिडकीच्या मधोमध डोक्यावरचं आकाश आणि फांद्या, कडेला काठावरच्या वस्तू, चेपलेल्या आणि मंद. पाण्याच्या पातळीपासून १० अंशांच्या खाली जे असतं ते इतकं चेपलं जातं की त्यातून माशाला फारसा बोध होत नाही. गरवणाऱ्यांना फायदा आहे तो या १० अंशांचाच.

आता हिशेब करा. पाण्याच्या पातळीला उभा असलेला १.७ मीटर उंचीचा माणूस त्या १० अंशांच्या खाली राहायला माशापासून साडेनऊ-पावणेदहा मीटर लांब हवा. तोच माणूस उकिडवा बसला आणि उंची ९० सेंटिमीटर झाली, की पाच मीटर पुरतात. काठ मीटरभर उंच असेल आणि तुम्ही त्यावर ताठ उभे असाल, तर अंतर पंधरा मीटरच्या पुढे जातं. पायाशी आलेला मासा का वळतो हे इथेच कळेल. तुम्ही लूर ओढत ओढत त्याला स्वतःच्या भेटीला आणत होतात.

म्हणून पहिला नियम असा की पाण्याला पाय लावायच्या आधी काठाजवळची पट्टी मारून घ्यायची, म्हणजे तिथे लूर टाकून बघायची. पाच-सहा मीटर मागे, गुडघ्यावर बसून. लूर गवतावर, मातीवर पडली तरी चालेल, तिथून ती अलगद पाण्यात ओढता येते. बेडूक पाण्यात उतरतो तोही असाच, त्यामुळे बासला त्यात काही खटकत नाही. तळ्याच्या मध्यावर लांब फेक टाकायची घाई सगळ्यांनाच असते. पण झाडं असलेल्या काठाला, फांद्यांच्या सावलीत, हातभर पाण्यात जो मासा असतो तो बऱ्याचदा त्या तळ्यातला मोठाच असतो. आपण येताना पहिला पळतो तोही तोच.

झाडांबद्दल तुमची तक्रार आहे ती फेकीपुरती समजू शकतो, पण झाडांसारखा आडोसा पैसे देऊन मिळत नाही. उघड्या बांधावर उभा माणूस आकाशासमोर उठून दिसतो. जाड खोडाला पाठ लावून बसलेला माणूस खोडातच जिरतो. कपडे मळकट हिरवे-तपकिरी घाला, पांढरी टोपी आणि चकाकणारं घड्याळ काढून ठेवा. पण कपड्यांपेक्षा हालचाल जास्त दिसते: रॉड डोक्यावरून फिरवला की तो त्या खिडकीच्या वरच्या भागात येतो, म्हणून रॉड आडवा, कमरेखाली ठेवायची सवय लावा. बोललात तर चालेल, हवेतला आवाज पाण्यात फारसा उतरत नाही. पाय मात्र आपटू नका. झाडांची मुळं पाण्यात गेलेली असतात, ओलसर काठावरचा प्रत्येक धपका पाण्यात पोचतो आणि बासचा आतला कान व अंगावरची पार्श्वरेषा असली कमी वारंवारतेची थरथर चांगली टिपतात.

सावलीचं गणित वेगळंच आहे. सकाळी पूर्वेकडच्या काठावरची झाडं आपल्याच काठाजवळच्या पाण्यावर सावली टाकतात, संध्याकाळी पश्चिमेकडची. विषुववृत्ताच्या उत्तरेला बऱ्यापैकी वर असाल तर दक्षिण काठाजवळ दुपारीही सावलीची पट्टी राहते आणि कडक उन्हात मी सगळ्यात आधी तिथेच जातो. बासला पापण्या नाहीत. पण तो सावलीत बसतो ते नुसतं ऊन टाळायला नाही. अंधारातून उजेडातलं चांगलं दिसतं आणि उजेडातून अंधारातलं नीट दिसत नाही, म्हणून सावलीच्या कडेला तोंड बाहेर करून बसलेल्या बासला समोरून जाणारी ब्लूगिलची (एक छोटा, चपटा मासा) पिल्लं दिसतात आणि पिल्लांना तो दिसत नाही. तेव्हा लूर सावलीच्या रेषेला समांतर चालवा, हातभर आत. रेषा काटकोनात ओलांडली तर लूर कामाच्या पाण्यात जेमतेम क्षणभर असते. तुमची स्वतःची सावली कुठे पडते तेही बघत राहा. सूर्य पाठीशी असला की पाण्यात बघायला सोपं जातं, पण सकाळ-संध्याकाळ ती लांब सावली थेट माशाच्या अंगावर जाते.

पोलराइज्ड चष्मा या तळ्यावर रॉडइतकाच गरजेचा आहे. पाण्यावरची चकाकी तो सगळ्यात जास्त कापतो ते नजर पाण्याशी साधारण ३७ अंशांचा कोन करत असताना, म्हणजे पायाजवळही नाही आणि पार लांबही नाही. अख्खा मासा शोधू नका. तळावरची सावली शोधा, अंगावरचा काळपट आडवा पट्टा शोधा, गवताच्या उभ्या काड्यांमध्ये एखादी आडवी रेघ शोधा. आणि एक लक्षात असू द्या की मासा दिसतो त्यापेक्षा खोल असतो. थेट वरून बघितलं तरी एक मीटरचं पाणी पाऊण मीटरचं वाटतं, तिरकं बघितलं तर आणखी उथळ. म्हणून लूर ‘पोचली’ असं वाटल्यावर तिला अजून थोडं बुडू द्या.

आता फेक. मागे जागा नसताना तीन पद्धती उपयोगी पडतात आणि त्यातली एक तरी हातात बसलीच पाहिजे.

पहिली पिचिंग. रॉडच्या टोकापासून लूर रीलच्या पातळीपर्यंत लोंबू द्या, डाव्या हातात धरा, रॉडचं टोक पाण्याकडे झुकवा. मग मनगटाने टोक वर उचलता उचलता लूर सोडा. ती झोका घेत पाण्यापासून वीतभर उंचीवरून पुढे जाते आणि उतरायच्या क्षणी स्पूलवर (रीलच्या दोरी गुंडाळलेल्या भागावर) अंगठ्याने किंचित दाब दिला की आवाज न करता आत शिरते. घरी अंगणात वाटी ठेवून सराव करता येतो.

दुसरी धनुष्यबाण फेक, अगदी झुडपात शिरलेले असताना. दोरी रॉडच्या अर्ध्या लांबीइतकी बाहेर काढा. लूर गळाच्या कमानीच्या मागच्या बाजूने, चिमटीत धरा, टोक बोटांपासून लांब. रॉड लक्ष्याच्या रेषेत समोर करा, लूर मागे कमरेपर्यंत ओढा, रॉडचं टोक वाकेल. लूर सोडा आणि ती समोरून जात असताना बोटावरची दोरी सोडा. दोरी आधी सोडली तर लूर पायाशीच पडते आणि उशिरा सोडली तर झटका खाऊन परत येते. सात-आठ मीटरच जाते, पण जिथे मनगटसुद्धा फिरवता येत नाही तिथे जाते. तीन-तीन गळांची लूर या फेकीला वापरू नका, बोटात घुसते.

तिसरी म्हणजे आडव्या हाताने पाण्यावर टप्पे मारत लूर फांद्यांखाली सरकवणं. स्पिनिंग रील, साडेसहा फुटांच्या आतला रॉड आणि गुळगुळीत, जड प्लॅस्टिकचं गांडूळ असेल तर हे लवकर जमतं. लटकत्या फांदीखालच्या अंधाऱ्या पाण्यात दुसऱ्या कुठल्या मार्गाने लूर जात नाही आणि त्यामुळेच तिथल्या माशाने लूर फार बघितलेली नसते. फांद्यांवरून अळ्या, नाकतोडे, सिकाडा पाण्यात पडत असतात, त्यांच्यासाठी छोटे मासे जमतात, त्यांच्यामागे बास. फांदीत लूर अडकली तर हिसके देऊ नका. अख्खी फांदी पाण्यावर नाचते आणि ती जागा गेली. दोरी तोडा, पुढे चला, परतताना काढा.

गवताकडे वळू. गवत सगळं सारखं नसतं. हायड्रिला लांब दोऱ्यांसारखी वाढते आणि वर येऊन पसरते. कूनटेलला खरी मुळं नसतात, ती ठिसूळ असते, झटक्याने तुटते आणि लूर मोकळी होते. मिलफॉइल वरती छत करते, पण खाली देठांमध्ये बऱ्यापैकी मोकळी जागा राहते आणि बास त्या छताखाली फिरतो. ज्या जागी दोन प्रकारचं गवत एकमेकांना भिडतं, तिथे उंचीत आणि दाटीत फरक पडतो, ती जागा मारायचीच. गवताच्या मध्ये जे भोक दिसतं त्याखाली बहुधा दगड, खडी नाहीतर बुडालेलं खोड असतं, म्हणूनच तिथे गवत रुजलेलं नसतं. पाणी जितकं नितळ तितका प्रकाश खोल जातो आणि गवतही तितकं खोल रुजतं. पण कुठेतरी ते संपतं. ती गवताची बाहेरची कड उन्हाळ्यात दुपारी मोठ्या बासचा पत्ता असते. बांध घालून केलेल्या तळ्यात सगळ्यात खोल पाणी बांधालगत असतं, त्यामुळे ही कड शोधायला तिथून सुरुवात करा.

अशा पाण्यात माझी पहिली लूर कायम एकच: पाच इंची मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ, शिसं न लावता, टोक लपवलेल्या गळावर. चमचा, क्रँकबेट वगैरे उघड्या गळाची लूर इथे विसरा. ४/० मापाचा, मानेत मोडलेला ऑफसेट गळ घ्या. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात मधोमध पाऊण सेंटिमीटर शिरवा आणि बाजूने बाहेर काढा. गळ ओढून त्याची मान डोक्यात बसवा, मग अर्धा फिरवा म्हणजे टोक शरीराकडे येईल. कमान कुठे बसते ते गांडुळाच्या अंगावर धरून बघा, तिथून टोक आरपार काढा आणि पाठीवर कातडीखाली केसभर परत टोचून ठेवा. गांडूळ सुतासारखं सरळ हवं. जरा पोक आलं तरी ते पाण्यात गिरक्या घेतं, दोरीला पीळ पडतो आणि नितळ पाण्यात माशाला ते लगेच खटकतं. सरळ असेल तर आडवं राहून, दोन्ही टोकं थरथरवत, सावकाश बुडतं. मासा पकडते ती ही थरथरच. ओढायची घाई करू नका.

फेक पडली की दोरी ढिली ठेवा आणि दोरी जिथे पाण्यात शिरते त्या बिंदूकडे बघत राहा. बहुतेक वेळा ‘टक’ असं हाताला लागतच नाही. दोरी बुडायची थांबते, किंवा बाजूला चालू लागते, किंवा अचानक सैल पडते. त्यातलं काहीही झालं की ढील गोळा करा आणि रॉड जोरात आडवा ओढा, कारण टोकाला प्लॅस्टिकची कातडी फोडून जबड्यात जायचं असतं. गवताच्या काडीला अडकलं असेल तर रॉडचं टोक हलकेच हलवून मोकळं करा. मोकळं होताना गांडूळ जे उडी मारून पडतं, त्या क्षणी बास घेतो.

पोहत जाणारा बास दिसला तर त्याच्या अंगावर कधीच टाकू नका. छोट्या तळ्यात बास ठरलेल्या वाटेने फेरी मारतात, थोडा वेळ बघितलंत की वाट कळते. त्याच्या दोन-तीन मीटर पुढे टाका, गांडूळ तळाला बसू द्या आणि गप्प राहा. तो मीटरभर अंतरावर आला की एकदाच, इंचभर हलवा. थांबला, डोकं खाली केलं, तर पुन्हा हलवायचा मोह आवरा. आणि जो मागे येऊन वळला त्याच्यावर लगेच दुसरी फेक नको. दहा-पंधरा मिनिटं ती जागा सोडा, वेगळ्या कोनातून, वेगळं काहीतरी टाका, शक्यतो आधीपेक्षा लहान आणि सावकाश.

रंगावर फार वेळ घालवू नका. बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोन प्रकारच्या असतात, हिरव्याला आणि लालला प्रतिसाद देणाऱ्या. निळं आणि काळं यात त्याला फारसा फरक कळत नाही. नितळ पाण्यात पारदर्शकतेकडे झुकणारा मळकट हिरवा, ‘ग्रीन पम्पकिन’ किंवा ‘वॉटरमेलन’ नावाने मिळतो तो, वर्षभर पुरतो.

गवत वर येऊन त्याची चटई झाली की पोकळ रबरी बेडूक काढा. त्याचे दोन गळ वर वळून अंगाला चिकटलेले असतात, त्यामुळे तो चटईवरून अडकत नाही. त्या गोल खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग माशाला आरशासारखा दिसतो, तळाचं प्रतिबिंब दाखवणारा. बेडकाचं वजन त्या आरशाला खळगा पाडतं, त्यावर मासा वळतो. म्हणून बेडूक सतत पळवू नका. भोकाच्या काठावर थांबवा, जागच्या जागी दोनदा डुलवा, थांबा. पाणी फुटलं की काळजाचा ठोका चुकतो आणि हात आपोआप वर जातो, तिथे मासा हातचा जातो. आधी वजन लागू द्या, मग झटका. बेडूक चुकला आणि चटईत भोक पडलं, तर दुसऱ्या रॉडवर तयार ठेवलेलं बिनशिशाचं गांडूळ लगेच त्या भोकात सोडा. मासा अजून तिथेच, चिडलेला असतो.

दोरी कोणती हे जागेवर ठरतं, म्हणून दोन रॉड न्या. मोकळी भोकं आणि विरळ गवत असेल तिथे १०-१२ पौंडी (तेवढा ताण पेलणारी) फ्लोरोकार्बनची दोरी. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा) १.४२ च्या आसपास, पाण्याचा १.३३, साधा नायलॉनचा तंगूस याहून वर, दीडच्या पुढे असतो, म्हणून तो जास्त चमकतो. शिवाय फ्लोरोकार्बन बुडतं, त्यामुळे गांडूळ सरळ खाली जातं. चटईवर मात्र ५० पौंडी विणलेली दोरी, थेट बेडकाला बांधलेली. ती पाण्यावर तरंगते, गवताचे देठ करवतते आणि ताणली जात नाही. ती दिसेल ही भीती इथे बाळगू नका, ती गवताच्या वर आहे आणि मासा खाली. स्पिनिंगवाल्यांनी बारीक विणलेली दोरी आणि पुढे वाव-दीड वाव फ्लोरोकार्बन जोडलं की सगळं काम भागतं.

वेळेबद्दल माझं मत पुष्कळांना पटत नाही. भल्या पहाटे, हे ठरीव उत्तर असतं. पण गच्च गवताच्या छोट्या तळ्यात, कडक उन्हाळ्यात, मी संध्याकाळ निवडतो. वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्रभर, माशांसारख्याच, तो वापरतात. त्यामुळे दाट गवतातलं पाणी उजाडताना प्राणवायूत सगळ्यात गरीब असतं आणि दुपार कलताना सगळ्यात श्रीमंत. मासे पहाटे पृष्ठभागाशी तोंड उघडून रेंगाळताना दिसले तर गरवूच नका, ते आधीच गुदमरलेले आहेत. बाकी ढगाळ हवा आणि हलका वारा केव्हाही चांगला. पाण्यावर लहरी उठल्या की माशाची खिडकी तुकडे तुकडे होते आणि तुम्हाला चार पावलं पुढे जायला मिळतं.

वसंतात पाणी १५ अंश सेल्सिअसच्या वर चढलं की नर बास उथळ पाण्यात तळ साफ करून घरटी करतात. नितळ पाण्यात ती फिकट थाळ्यांसारखी स्पष्ट दिसतात. नर अंड्यांजवळ पहारा देत असतो, लूर टाकली तर हाकलायला म्हणून तोंडात धरतो. सोपा मासा आहे, पण तो उचलला की ब्लूगिल लगेच अंड्यांवर तुटून पडतात. दीड एकराच्या तळ्यात ती घरटी सोडून द्या. शरदात गवत कुजू लागतं तेव्हा जिथे अजून हिरवं शिल्लक आहे तिथेच मासा. हिवाळ्यात सगळ्यात खोल खड्डा आणि फार सावकाश.

मोठाच बास हवा असेल तर मोठं खाद्य दाखवा. जॉर्ज पेरीने २ जून १९३२ रोजी अमेरिकेत जॉर्जियातल्या माँटगोमेरी लेकमध्ये २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त, बास धरला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने त्याची बरोबरी केली, आणि त्याच्या गळाला जिवंत ब्लूगिल होता. तुमच्या तळ्यात ब्लूगिल असतील तर दिवस मावळताना गवताच्या बाहेरच्या कडेने तळहाताएवढी, चपट्या अंगाची, त्याच रंगाची लूर सावकाश चालवून बघा. फटके कमी बसतील, बसतील ते जबर.

मासा लागला की पहिले दोन क्षण निर्णायक: त्याचं डोकं वर वळवा आणि गवताच्या वरून आणा. तो गवतात घुसलाच तर रॉड वर-खाली करू नका, एकसारखा ताण द्या. हलला नाही तर दोरी थोडा वेळ ढिली सोडा, कित्येकदा तो स्वतः बाहेर येतो. विणलेली दोरी हाताला गुंडाळून ओढू नका, मांसापर्यंत कापते. हात ओला करून खालचा ओठ अंगठ्याने धरा, दात खरकागदासारखे बारीक असतात, चावत नाहीत. मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली, आडवा धरा. नुसत्या ओठावर लटकावला तर जबड्याला इजा होते. गळ पार घशात गेला असेल तर उकरू नका, दोरी जवळ कापून सोडा. अर्थात सोडायचा की नाही हे तिथले नियम बघून ठरवा: बिवा ज्या शिगा प्रांतात येतं तिथे बास बाहेरून आलेला उपद्रवी मासा ठरला आहे आणि धरलेला परत सोडायला मनाई आहे, तर दुसरीकडे अमुक मापाखालचा ठेवायला बंदी असते.

राहिला मालकाचा प्रस्ताव. सगळं गवत काढलं तर तुमचं पाणी नितळ राहणार नाही. आता जी पोषकद्रव्यं गवत खातंय ती शेवाळाला मिळतील आणि तळं हिरवंगार होईल. गवत्या कार्प सोडले तर तेही बहुधा इथवरच पोचवतात, कारण ते अर्ध्यावर थांबत नाहीत. ऐन उन्हाळ्यात औषध मारून एकदम सगळं मारणं सगळ्यात वाईट: कुजणारं गवत प्राणवायू खातं, कोमट पाण्यात तो मुळातच कमी, आणि सकाळी मासे पोटं वर करून तरंगतात. बासच्या तळ्यात २० ते ३० टक्के भागात गवत असलेलं चांगलं असं साधारण मानतात. तुमच्याकडे ते जास्त असेल तर दाताळ्याने वाटा काढून घ्या, टप्प्याटप्प्याने. ज्या दोन-तीन खोडांना पाठ लावून तुम्ही बसणार आहात तिथून एकेक वाट, दीड मीटर रुंद, गवताच्या बाहेरच्या कडेपर्यंत. ती काठाला काटकोनात न कापता तिरकी कापा, म्हणजे फेक वाटेच्या लांबीने पडेल आणि लूर येताना पूर्ण वेळ गवताच्या भिंतीलगत चालेल. काढलेलं गवत काठावर ढीग करून ठेवू नका, पावसाने त्यातलं सगळं परत तळ्यात जातं. लांब नेऊन टाका. आणि कापल्यावर आठवडाभर त्या वाटेवर लूर टाकू नका, बासला आधी तिथे येऊन बसू द्या.